वहीतली पहिली ओळ

आधीच सांगून ठेवते, मी काही थोर मनाची बाई नाही. रांग मोडून कुणी पुढे घुसलं तर मी त्याला चारचौघांत सुनावते, आणि ओळखीचा दुकानदार मला बाजूच्या दाराने सामान देतो तेव्हा गुपचूप पिशवी पुढे करते. तेव्हा हे ऐकून कुणी मला डोक्यावर घेऊ नका.

मुलांच्या एका जुन्या शाळेत मी कोट शिवते. दगडी इमारत, उंच खिडक्या, जिन्यात जुन्या मुख्याध्यापकांच्या तसबिरी, आणि सगळ्यांचे चेहरे पोट साफ न झाल्यासारखे. शाळेत नवा मुलगा आला की त्याचा पहिला कोट बाहेर शिवायचा नाही, शाळेच्या शिवणखोलीतच शिवायचा, असा तिथला जुना नेम आहे. एकतीस वर्षं मी ती खोली सांभाळते. पोरं मला टेपमावशी म्हणतात. समोर नाही, पाठीमागे, पण मला ऐकू येतं.

मापांच्या वह्या कपाटात असतात. दर वर्षाची एक वही, शंभराच्या आसपास झाल्या असतील. प्रवेशपरीक्षेच्या दोन महिने आधी मापाचा आठवडा येतो. ज्यांचे बाप, आजोबा याच शाळेत शिकले ती मुलं तेव्हा येतात. बाप आपल्या वर्षाची वही काढायला लावतो, पानांवरून बोट फिरवत स्वतःच्या नावाशी येऊन थांबतो. छाती पंचवीस, बाही सतरा. मग मुलाचं माप घ्यायचं आणि शेजारी ठेवून बघायचं, याच्या वयात बाप केवढा होता. मोठमोठे साहेब लोक तिथे विरघळतात हो! एक न्यायाधीश माझ्या स्टुलावर बसून ढसाढसा रडले होते, वारलेल्या वडिलांचं माप सापडलं म्हणून. मीच त्यांना अस्तराचा तुकडा दिला डोळे पुसायला. मला तो आठवडा फार आवडायचा. खोटं कशाला बोलू, अजूनही आवडतो.

आठवडा संपला की वही ऑफिसात जाते. एकूण जागा साठ. हेडक्लार्क वहीतली नावं मोजतो, साठातून वजा करतो आणि उरतील तेवढ्या जागा परीक्षेला ठेवतो. वहीतल्या मुलांच्या घरी पत्र जातं की आपल्या पाल्याने परीक्षेला बसण्याची आवश्यकता नाही. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. कापड किती मागवायचं ते कळावं म्हणून वही कधीतरी ऑफिसात जायला लागली असेल, आणि मग कापडाच्या मागोमाग जागाही जायला लागल्या. उरलेल्या सतरा-अठरा जागांसाठी चारशे पोरं पेपर लिहितात. मी हे इतकी वर्षं बघत होते आणि मला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही. माझं लक्ष बाहीवर.

आता पहिली ओळ. नवीन टेप काढली की ती आधी एखाद्या मुलाच्या अंगाला लावून जुन्या टेपशी ताडून बघायची असते, कारण कापडी टेप ताणते आणि अर्ध्या इंचाने साठ कोट वाया जाऊ शकतात. शिवणाऱ्याच्या घरचं पोर उभं करायचं, त्याचं नाव आणि माप वहीच्या पहिल्या ओळीत लिहायचं, टेप बरोबर निघाली की लाल पेन्सिलीने ती ओळ खोडायची. माझ्या आधीचे मास्तर तसंच करत, मीही तसंच केलं. माझी लेक लहान असताना सात वर्षं त्या पहिल्या ओळीत होती.

यंदा तिथे माझा नातू होता. लेकीचा मुलगा, दहा वर्षांचा. आम्ही त्याला सव्वा म्हणतो, कारण विचारावं तेवढं सांगून वर तो पाव जास्तीचं सांगतो. भूक लागली का विचारलं तर हो म्हणून थांबणार नाही, कधीपासून लागली आणि शेजारच्यांना लागलीय का तेही सांगेल. त्याला याच शाळेत जायचं होतं. वर्षभर माझ्या कापायच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात बसून तो परीक्षेचा अभ्यास करत होता. त्याचा अर्ज ऑफिसात कधीच पडला होता.

तर त्या सोमवारी सकाळी मी त्याला उभा केला, टेप लावली, ओळ लिहिली, आणि लाल पेन्सिल उचलली तर मेलीचं टोक मोडलं. टोक काढायला वळते तोच पहिला बाप दारात. तोही असा घाईचा, जणू याच्या पोराची छाती पाच मिनिटांत वाढणार होती. मी कामाला लागले आणि खोडायचं राहिलं. तुम्हाला पटो न पटो, खरंच राहिलं.

तीन आठवड्यांनी घरी पत्र आलं.

लेकीने ते दारातच फोडलं. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर लोकांच्या शिरा शोधते, तिचा हात कधी हलत नाही. त्या दिवशी पाकिटाबरोबर पत्राचाही कोपरा फाटला. "आई! घेतलं गं त्याला! परीक्षाच नको म्हणतायत!" तिने सव्वाला उचललं, एवढ्या मोठ्या घोड्याला, आणि गरगर फिरवलं. परगावी नोकरीला असलेल्या जावयाला फोन झाला. शेजारीण धावत आली. मला मात्र ती न खोडलेली ओळ समोर दिसत होती. हेडक्लार्कने नावं मोजली, त्रेचाळीस भरली, अर्जावरून पत्ता उतरवला, झालं.

चार दिवस मी तोंडाला कुलूप लावलं. म्हटलं, आपण काही चोरी केली नाही. मिळालंय तर मिळू दे. इतक्यांना मिळतंच की.

पाचव्या दिवशी दुपारी सव्वा शिवणखोलीत आला. वह्या आणल्या नव्हत्या. नुसता बसून बटणं रांगेत लावत होता. एकदम म्हणाला, "आजी, मी पेपर दिलाच नाही. मग मला येतं ते त्यांना कळलं कसं?"

"कळतं त्यांना."

"पण कशावरून? मला टाकीची गणितं अजून नीट येत नाहीत. ती आधी शिकून घेऊ का? की आता नाही आली तरी चालतात?"

मी सुई दोऱ्यात ओवत होते, की दोरा सुईत, कुणास ठाऊक. दहा वर्षांच्या पोराने एका वाक्यात जे विचारलं, ते मी एकतीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं, याची मला इतकी लाज वाटली की मी त्याच्यावरच खेकसले, "बटणं जागेवर ठेव आधी!"

संध्याकाळी लेक भाजी चिरत होती तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. टोक मोडलं, बाप आला, ओळ राहिली. तिची सुरी थांबली.

"कुणाला कळलंय?"

"कुणालाच नाही."

"मग कळवू नकोस."

"अगं, ती चूक आहे."

"चूक?" ती हळू बोलत होती, आणि माझी लेक हळू बोलायला लागली की मला धडकी भरते. "बेचाळीस जणांना जागा मिळाली कारण त्यांचे बाप तुझ्या कपाटात आहेत. ती चूक नाही. माझ्या आईने त्या बापांच्या बाह्या शिवल्या, त्यांच्या पोरांच्या शिवल्या, तिच्या नातवाला एक ओळ मिळाली, ती तेवढी चूक? कुणाचं काय बिघडलं त्यात?"

"एकाचं बिघडलं. परीक्षेची एक जागा कमी झाली."

"कुणाचं? नाव सांग त्याचं."

"मला काय माहीत गं."

"ज्याचं नाव माहीत नाही त्याच्यासाठी याची जागा घालवणार? याला तू मांडीवर वाढवलंयस आई." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला सात वर्षं त्या ओळीत लिहिलंस आणि सात वर्षं माझ्या डोळ्यांदेखत खोडलंस. मी काही बोलले नाही. मुलींची शाळाच नव्हती ती. पण याला नको खोडूस."

मला तर माहीतच नव्हतं की तिला ते लागलं होतं. मला वाटायचं पोरीला मजा येते. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले तर ती बाजूला सरकली. खरं सांगते, तिचं म्हणणं मला सगळं पटलं होतं. एकही शब्द खोडता आला नसता. पण उद्या सव्वा पुन्हा टेबलाशी येऊन बसणार, पुन्हा विचारणार, आणि मी पुन्हा बटणांवरून खेकसणार, असं किती दिवस चालवायचं?

सकाळी वही काखोटीला मारली आणि मुख्याध्यापकांकडे गेले. हे नवीन आले होते, बाहेरून, याच वर्षी. वयाने माझ्या लेकीएवढे, बोलणं मऊ. मी वही उघडून पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि एका दमात सांगून टाकलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं नाही, मधेच थांबवलं.

"थांबा. ही मापं परीक्षेच्या आधी घेतली?"

"आधीच घेतात साहेब. कायमच."

"आणि पत्रं या वहीवरून गेली? मला वाटलं ही मुलं आधीच्या एखाद्या चाचणीतून आली आहेत. मी सह्या केल्या." ते पानं उलटत राहिले. "मला हे कुणी सांगितलं नाही."

"कुणी लपवलंही नाही साहेब. वही समोरच्याच कपाटात असते."

ते पुन्हा पहिल्या ओळीशी आले. मग म्हणाले, "मावशी, तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कळलं नसतं. तुमची इतक्या वर्षांची नोकरी आहे. एक जागा तुमच्या नातवाला गेली तर मी तरी हरकत घेणार नाही."

घ्या! मी मन घट्ट करून आले आणि हे मला खुर्ची देतायत. क्षणभर मी बसणारही होते त्या खुर्चीत. पण तोंडातून निघालं, "तो विचारतो, मला येतं ते त्यांना कळलं कसं. काय सांगू त्याला? तुम्हीच सांगा."

त्यांनी वहीवर नुसता हात ठेवला. "बाकीच्या बेचाळीस जणांना मी आता परीक्षेला बसवू शकत नाही," ते म्हणाले. "पत्रं गेलीत, संचालक मंडळ ऐकणार नाही. पुढच्या वर्षापासून ही वही निकाल लागल्यावरच उघडेल, तेवढं मी करून घेईन, त्यासाठी भांडेन. यंदा मात्र मागे घेता येईल असं एकच पत्र आहे."

"म्हणजे जी खरं बोलली तिचंच."

"हो." त्यांनी मान खाली घातली. "मला लाज वाटते."

"वाटू दे," मी म्हटलं, "मलाही वाटते." मग त्यांच्याच टेबलावरची पेन्सिल घेतली आणि सव्वाचं नाव खोडलं. नातवाचं नाव आहे हो ते, शेवटी.

सव्वाला मी खोटं काही सांगितलं नाही. म्हटलं, आजीची चूक झाली होती, तुला पेपर द्यावा लागेल. तो एवढंसं तोंड करून बसला. मग म्हणाला, "परीक्षेला किती दिवस आहेत? पंचवीस. टाकीची गणितं होतील. निबंधाचं मला टेन्शन नाही, आईला आहे."

त्याची आई माझ्याशी बोलायची बंद झाली. म्हणजे गॅस बंद कर, दार लाव, एवढं बोलायची. बाकी नाही. मला चहा ठेवायची, माझ्या गुडघ्याचं तेल उशाशी आणून ठेवायची, पण नजर देत नव्हती. भांडली असती तर परवडलं असतं.

परीक्षा झाली. निकाल फाटकाशेजारच्या फळ्यावर लागला, अठरा नावं क्रमाने, खाली रेघ, आणि रेघेखाली प्रतीक्षा यादीची पाच. सव्वा रेघेखाली पहिला. एकोणिसावा.

लेकीने यादी दोनदा वाचली. मी तिच्या मागे उभी होते. मला वाटलं, आता फिरेल आणि बोलेल, जे मनात असेल ते बोलेल. ती फिरली नाही. तिने सव्वाचा हात धरला आणि बसस्टॉपकडे चालू लागली. तोच मान वळवून मला बघत होता. मी शिवणखोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि मनसोक्त रडले. स्वतःला शिव्या घातल्या. कशाला शहाणपणा केलास म्हातारे? रेघेच्या वर असता आज तो. वाट बघायच्या यादीतून कुणी वर येईल ही आशाही फुकट होती, कारण त्या शाळेत मिळालेली जागा कुणी सोडत नाही. महिन्याभरात ती पाच नावं फळ्यावरून गेली.

मग अठरा जणांची मापं निघाली. सव्वा तेव्हाही रोज यायचा. दुसऱ्या शाळेत नाव घातलं होतं, ती सुरू व्हायला वेळ होता. माझी नजर आता बारीक आकड्यांना दगा देते, म्हणून मी माप बोलायचे आणि तो वहीत लिहायचा. त्याला नको म्हटलं होतं मी. तर म्हणाला, "माझं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे. आणि तुझा सात हा एकासारखा दिसतो."

सगळ्यांत शेवटी एक बसड्रायव्हर आला. खाकी शर्टावर बिल्ला तसाच, दोन फेऱ्यांच्या मधली सुट्टी काढून आलेला. दारातच थबकला. "इथेच का? की मागच्या बाजूने यायचं?" मी म्हटलं, "या हो आत, इथे एकच दार आहे." त्याचा मुलगा बारकुडा, मोठ्या कानांचा. स्टुलावर चढवला तर श्वास रोखून उभा राहिला.

"श्वास सोड रे बाळा, फोटो नाही काढत."

सव्वाने नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "तू कितवा आलास?"

"अठरावा. शेवटचा." पोराने लाजून सांगितलं. "तू कुठल्या वर्गात आहेस?"

"मी या शाळेत नाही. मी एकोणिसावा."

माझ्या हातात टेप होती, ती तशीच राहिली. ती ओळ तशीच राहिली असती तर जागा सतराच, आणि बाहेर राहिला असता तो हाच. याचंच नाव मला सांगता आलं नव्हतं. खांद्याला हाडं टोचत होती, मानेवर न्हाव्याने ताज्या मारलेल्या मशीनच्या रेघा होत्या. बापाला काहीच कळत नव्हतं, तो खिडकीतून शाळेचं मैदान बघत होता आणि एकटाच हसत होता.

"टाकीचं गणित सुटलं तुला?" सव्वा विचारत होता.

"हो. तुला?"

"माझं तिथेच गेलं. खालून गळतेय ते मी धरलंच नाही. भरतच बसलो." आणि मग पुढचं पाव, "तुझं बरोबर आलं ते बरं झालं. दोघांचं चुकलं असतं तर तिसराच कुणीतरी आला असता."

पोरगा स्टुलावरून माझ्याकडे वाकला आणि हळूच म्हणाला, "आजी, मग याला कोट नाही?"

डोळे भरले आणि टेपवरचे आकडे पार पुसले गेले. मी उगाचच त्याची बाही पुन्हा मोजायला लागले, खांद्यापासून मनगटापर्यंत, एकदा, दोनदा.

"हाच का तो?"

दारात माझी लेक उभी होती. नवीन शाळेची पुस्तकं घ्यायला सव्वाला न्यायला आली होती. त्या निकालानंतर तिने या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. किती वेळ उभी होती, काय काय ऐकलं, देव जाणे. मी मान हलवली. ती आत आली आणि थेट त्या पोरापुढे जाऊन उभी राहिली. मला भीती वाटली. तिने त्याच्याकडे बघितलं, कानांकडे, मानेकडे, बापाच्या बिल्ल्याकडे. मग माझ्या हाताकडे.

"आई," ती म्हणाली. इतक्या दिवसांनी, आई. "बाही एवढीच धरतेस? वाढत्या अंगाचं धर की. दोन-तीन वर्षं तरी यायला हवा त्याला."

"किती लिहू?" सव्वाने विचारलं.

"दीड इंच जास्त," त्याची आई म्हणाली, आणि त्या पोराच्या शर्टाची दुमडलेली कॉलर तिने सरळ केली.

सव्वाने तिच्याकडे बघितलं, आणि लिहिलं.